रगतवाल्या बाई

थर्मास दिसला की माझ्या मनात चहा येत नाही, रक्त येतं. प्रवासाला निघताना सून हटकून विचारते, "आई, थर्मासमध्ये चहा भरून देऊ?" आणि मी हटकून नको म्हणते. तिला वाटतं, सासूला स्टेशनवरच्या चहाचा सोस आहे. तसं काही नाही. लोधिवलीच्या शाळेमागे आमच्या दोन खोल्या होत्या, तिथे दर गुरुवारी एक निळा थर्मास यायचा. त्यात खोपोलीच्या सोडावाल्याकडचा बर्फ असायचा. जाताना त्या बर्फात बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या खोचलेल्या असायच्या आणि त्या बाटल्यांत आमच्या गावच्या बायकांचं रक्त असायचं.

थर्मास ज्यांचा होता त्यांचं नाव डॉक्टर कुमुद. आडनाव त्यांच्या खोपोलीच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून आत जाणारं तिथे कुणी नव्हतं. सगळा मुलूख त्यांना 'रगतवाल्या बाई' म्हणायचा. पिठाच्या गिरणीमागे त्यांचं पाच खाटांचं प्रसूतिगृह होतं. गिरणी सुरू झाली की खाटा थरथरायच्या. माझ्याकडे जन्मलेली पोरं आधी पीठ खातात, मग दूध पितात, असं त्या हसत सांगायच्या.

आमचे हे लोधिवलीच्या शाळेत मास्तर. बाईंनी गुरुवारपुरती शाळेची ओसरी मागितली, ह्यांनी ती मोठ्या मनाने देऊन टाकली. पण आणीबाणी नुकतीच उठली होती. दवाखान्याची पेटी दिसली की नसबंदीवाले आले म्हणून पुरुष अजून रानात पळायचे, आणि रस्त्यावरच्या ओसरीत बसून दंड उघडा करायला बायका तयार नव्हत्या. मग हे म्हणाले, "आमच्या स्वयंपाकघरात बसा की." मला कुणी विचारलंच नाही. मी अशी काही रागावले की पहिल्या गुरुवारी बाईंना चहासुद्धा विचारला नाही. त्यांनी स्वतःच माझा स्टोव्ह पेटवला, सुया उकळून घेतल्या, आणि तो विझवण्याआधी त्याच्यावर दोघींचा चहा ठेवला. वर मलाच म्हणाल्या, "साखर कुठं असते हो वहिनी?" अशा माणसावर किती दिवस रागावणार?

बाई उंचीने माझ्या खांद्याला जेमतेम लागायच्या. बाळंतपण करताना त्यांना पायाखाली लाकडी पाट घ्यावा लागायचा. "मी पुऱ्या दिवसांची," त्या सांगायच्या, "पण मुठीएवढी झाले. आजीनं कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. आईच्या पोटात उपाशी राहिले ना मी." हे त्या अगदी सहज सांगायच्या. पण पोटात उपाशी राहणारी पोरं हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता, हे मला पुढे कळलं.

त्यांना एक गोष्ट मुळीच जमायची नाही, ती म्हणजे खोटं बोलणं. तोंडाने बोलायच्या, पण चेहरा ऐकायचा नाही. शाळेतल्या पोरांना लस टोचताना त्या म्हणायच्या, "अजिबात दुखणार नाही बरं का," आणि सुई पोराच्या दंडात जायच्या आधीच बाईंचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. पोरं सुईकडे बघायचीच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघून भोकाड पसरायची. आम्ही एकदा मे महिन्यात पत्ते खेळलो, तेव्हा हातात एक्का आला की त्या गोऱ्यामोऱ्या व्हायच्या. हे म्हणाले, "बाई, तुमचा चेहरा म्हणजे फळ्यावर लिहिलेलं गणित आहे." त्या खूप हसल्या होत्या.

तर ते रक्त. मुंबईला मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांची एक मैत्रीण होती. दोघींनी मिळून मनावर घेतलं होतं की बाईला तिसरा महिना लागतो आहे तेव्हाच तिच्या रक्तावरून ओळखायचं, हे पोर पोटात नीट वाढणार की नाही. पोटात पोराला पोसणारी वार आईच्या रक्तात एक द्रव्य सोडते म्हणे. ते कमी उतरलं तर वार अशक्त, आणि वार अशक्त तर पोर अशक्त. आमच्या स्वयंपाकघरात बाई हे असं समजावून सांगायच्या: "वार म्हणजे पोराचा डबा. आईनं घरी कितीही रांधलं तरी डबाच गळका असला तर पोरानं काय खायचं?" अर्ध्या गावचे पुरुष खोपोलीच्या कारखान्यांत शिफ्टला डबा घेऊन जाणारे. डब्याचं कुणाला समजावून द्यावं लागलं नाही.

मी एकदा विचारलं, "आणि डबा गळका आहे हे कळल्यावर करायचं काय?"

बाई हातातली सुई पुसत थांबल्या. "ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही वहिनी. निजून राहायचं, चांगलं खायचं, वेळेवर दवाखान्यात यायचं. पण आधी कळायला तर हवं?"

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांत अशी काही आशा होती की मी वाद घातला नाही.

पण आमच्या भागात तिसऱ्या महिन्याचं रक्त मिळायचं कसं? पोट दिसेपर्यंत इथे कुणी कुणाला सांगत नाही. नवऱ्याला ठाऊक असतं, सासूला ठाऊक असतं, बाकी सगळ्यांना पाचव्या महिन्यात 'आत्ताच' कळतं. नजर लागते ना. मग एका गुरुवारी बाईंनी मला हळूच विचारलं, "वहिनी, पाणी भरायला तुम्ही गावच्याच विहिरीवर जाता ना? दोन महिन्यांत कुणाचा खाडा पडला नाही?"

मला क्षणभर कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा हसावं की चिडावं ते कळेना. बाहेरची झालेली बाई चार दिवस विहिरीला शिवत नाही. म्हणजे जी दोन महिने रोज न चुकता पाण्याला येते, तिला दिवस गेले आहेत. ही गोष्ट विहिरीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक असते आणि एकही बाई ती बोलत नाही. मी म्हटलं, "मी काय पोलीसपाटील आहे? असल्या चहाड्या मी करायची नाही."

तर बाई स्वतः विहिरीवर जाऊन बसल्या. दर गुरुवारी, सकाळच्या एसटीने येऊन, माझीच कळशी घेऊन. पहिल्याच दिवशी दोर हातातून सुटला आणि कळशी तळाला गेली. बायकांना हसू आवरेना. गळ टाकून एकीने कळशी वर काढली, दुसरीने बाईंना दोर धरायला शिकवलं, आणि त्या दिवशी गावाची आणि बाईंची ओळख झाली. पुढे बायका आपणहून मागच्या दाराने यायला लागल्या. खाड्याबद्दल कुणी चकार शब्द बोललं नाही. बाई फक्त बघत असायच्या आणि बायकांना ते ठाऊक होतं.

बाईंच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. एक म्हणजे, बाळंतपण झालं की वार त्या एका पांढऱ्या इनॅमलच्या ताटात घेऊन खिडकीशी उजेडात उभ्या राहायच्या. बोटांनी दाबून बघायच्या, उलटीसुलटी करायच्या. घरच्यांना घाई असायची, कारण आमच्याकडे वार घरी नेऊन पुरतात. बाई बघून झाल्यावर स्वतः ती धुतल्या फडक्यात बांधून द्यायच्या. वार फारच लहान निघाली आणि तरी पोर जगलेलं असलं, तर त्या ताटाला हात जोडायच्या. "एवढ्याशा डब्यावर नऊ महिने पोसलं हो हिनं," म्हणायच्या.

दुसरी सवय पेढ्याची. मुंबईची चाचणी प्रत्येक वेळी खरी ठरायची असं नाही. कधी रक्तात ते द्रव्य कमी निघायचं आणि पोर मात्र गुटगुटीत जन्मायचं. तसं झालं की बाई पेढा आणून आधी स्वतः खायच्या, मग मला द्यायच्या. "चुकले वहिनी, चक्क चुकले!" आपण चुकलो म्हणून इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता द्वारकीचं सांगते.

द्वारकी आमच्या मागच्या घरातली सून. नवरा नामदेव खोपोलीच्या कारखान्यात. सासू ठमाकाकू. ठमाकाकू वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही ती वाईट वाटेल. तिची एकुलती एक लेक पोर अडून गेली होती. पोर मोठं होतं, सुटका झाली नाही, बैलगाडी हमरस्त्याला लागेपर्यंत दोघं गेली. तेव्हापासून मोठं पोर म्हटलं की ठमाकाकूच्या अंगावर काटा यायचा.

द्वारकीला पहिल्यांदा दिवस गेले आणि बाईंनी तिचं रक्त घेतलं. मुंबईहून निरोप आला की द्रव्य फार कमी आहे. बाईंनी ठमाकाकूला माझ्या स्वयंपाकघरात बसवून, जपून जपून सांगितलं, "काकू, पोर लहान होईल असं दिसतंय."

ठमाकाकूने दोन्ही हात जोडले. "देव पावला गं बाय!"

पुढच्या गुरुवारी ती गुळाचा खडा घेऊन आली आणि बाईंच्या हातावर ठेवला. बाईंना वाटलं, काही सण असेल. त्यांनी तो तोंडात टाकला. ठमाकाकू म्हणाली, "लहान पोर म्हंजी सुकाची सुटका. मी तवाधरनं तिला अर्धीच भाकर देते. आजून लहान व्हईल."

बाईंनी तोंडातला गूळ तसाच हातावर काढला. मग त्या काय काय बोलल्या, ते सगळं मला आठवत नाही. डबा, वार, उपास, पोर जगणार नाही, असं सगळं एकदम. ठमाकाकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टरबाई, तुमीबी बारीकच हाय की. तरी डाक्टर झाल्या ना?"

द्वारकीला मुलगा झाला. रडायचा तो मांजराच्या पिलासारखा. बारसं व्हायच्या आत गेला.

त्यानंतर गावात जे झालं ते मला अजून डाचतं. रडून रडून ठमाकाकूचे डोळे सुजले होते, आणि त्या दुःखात तिने एकच गोष्ट धरून ठेवली. पोराच्या वाटचं रगत बाईने सुईनं ओढून नेलं, म्हणून पोर वाळलं. आणि बाई आधीच बोलली होती ना पोर लहान होईल म्हणून? बोलली तसंच झालं. बोलली म्हणूनच झालं. मागच्या दाराने येणाऱ्या बायका बंद झाल्या. बाई विहिरीवर आल्या की कळशा अर्ध्या भरूनच बायका उठायच्या. एक दोघी तर बाई पुढे गेल्या की त्यांच्या पावलाखालची माती उचलून घ्यायच्या, घरी चुलीत टाकून दृष्ट काढायला. बाईंनी ते पाहिलं. मला म्हणाल्या, "एवढी माती नेली तर गावच्या रस्त्याला खड्डे पडतील हो वहिनी." विनोद करायचा होता, पण चेहरा ऐकत नव्हता.

मी म्हटलं, "येऊ नका आता."

"कुणीतरी येईल की," त्या म्हणाल्या.

आणि आली ती द्वारकीच. वर्ष उलटून गेलं होतं. एका गुरुवारी ती मागच्या दाराने आत आली, दार लावून घेतलं आणि दंड पुढे केला. "सासूला ठावं नाय. घ्या रगत."

मुंबईचा निरोप ह्याही खेपेला तोच आला. बाईंनी ह्या वेळी आडपडदा ठेवला नाही. पोर का वाढणार नाही, काय होऊ शकतं, काय करायचं, सगळं स्वच्छ सांगितलं. द्वारकी ऐकत राहिली. तिने एकच विचारलं, "पर वाचंल ना?" बाई म्हणाल्या, "आपण सगळं करू."

आणि खरोखरच सगळं केलं. नामदेव खोपोलीहून शर्टाच्या आत अंडी लपवून आणायचा. ती मी उकडायची. दुपारभर द्वारकी माझ्या आतल्या खोलीत डाव्या कुशीवर निजून असायची. गावाने नावं ठेवली, ठमाकाकू "राणीसरकार हायत" म्हणून बाहेर बडबडत राहायची, पण अडवलं नाही. पोर मेल्याचं दुःख तिलाही होतंच की. पण द्वारकी बदलून गेली. हात सदा पोटावर. पोर हललं की नाही, एवढंच. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, आत कान लावल्यासारखी. सातव्या महिन्यात मी हौसेने ओटी भरायला निघाले, तर म्हणाली, "कशाला वैनी? नका भरू." हिरव्या बांगड्या भरायला कासार आला, तर हात मागे घेतला. पोटुशा बाईचं तोंड कसं दिसतं ते आपल्याला ठाऊक असतं. द्वारकीचं तसं एक दिवससुद्धा दिसलं नाही.

आठव्या महिन्यात बाईंनी तिला खोपोलीला नेऊन ठेवलं. मी सोबत गेले. बाईंची नुसती घालमेल चालली होती. मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "आत ठेवलं तर उपाशी मरेल. आत्ता काढलं तर श्वास घेता यायचा नाही. काय करू? सांगा ना, काय करू?" मी मास्तरची बायको, मी काय सांगणार? मुंबईला हलवायचं तर गाडीतल्या हादऱ्यांची भीती. आणखी थोडे दिवस थांबू, असं त्यांनी ठरवलं.

एका सकाळी बाईंनी नेहमीसारखी लाकडी नळी द्वारकीच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. गिरणी चालू होती. बाईंनी कुणालातरी पाठवून गिरणी बंद करायला लावली. मग पुन्हा कान लावला. नळी इकडे ठेवली, तिकडे ठेवली. त्यांनी मान वर केली नव्हती, पण आडवा चेहरा आम्हा दोघींना दिसत होता.

द्वारकी म्हणाली, "गेलं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी ती मोकळी झाली. मुलगी होती, सगळी बोटं, नखं जिथल्या तिथे. बाई ताट घेऊन खिडकीशी गेल्या. वार लहानशी, जागोजागी घट्ट पांढरी झालेली. बाई ती बोटांनी दाबत उभ्या होत्या. चाचणी बरोबर होती, अगदी बरोबर होती. द्वारकी खाटेवरून त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

"बाई, तुमी सांगितलं नसतं, तर पोर असंबी गेलंच असतं. पर ते हुतं तवर तरी मी सुकात ऱ्हायले असते."

बाईंनी ताट फडक्याने झाकलं. घरी येताना एसटीत मी बाईंच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडली, आणि मग रडले ते त्यांच्याचसाठी.

त्यानंतर बाईंनी सांगणं बंद केलं. गुरुवारी येत राहिल्या. हळूहळू थोड्या बायकाही पुन्हा येऊ लागल्या, रक्त जात राहिलं, पण मुंबईहून काय आलं ते त्या कुणाला सांगेनात. चेहरा फितूर, म्हणून बायकांशी बोलताना पाठ करून उभ्या राहायच्या, उगाच पेटीतलं काहीतरी हुडकत. गप्पा गेल्या, पत्ते गेले. पेढाही गेला. मी एकदा न राहवून म्हटलं, "सांगायचं नाही तर बाटल्या भरता कशाला? थांबवा की हे."

त्या म्हणाल्या, "मैत्रीण म्हणते, आज नाही, पण वीस-पंचवीस वर्षांनी ह्यातून काहीतरी हाती लागेल. तेव्हाच्या बायकांना उपयोग होईल."

"तेव्हा द्वारकी म्हातारी झाली असेल."

"हो," बाई म्हणाल्या. तेवढंच.

द्वारकी तिसऱ्यांदा आली ती शिमग्याच्या सुमारास. दंड पुढे केला आणि म्हणाली, "रगत घ्या. तुमाला काय लिवायचं ते लिवा. पर काय बी कळलं तरी मला सांगू नका. आन् पाठ करून उभ्या ऱ्हाऊ नका. माज्याकडं बघून बोला."

बाईंनी मान हलवली. तिच्याकडे तोंड करूनच त्यांनी रक्त घेतलं.

पुढचं जे माझ्या डोळ्यांआड झालं ते आधीच सांगून टाकते. त्या जूनमध्ये ह्यांची बदली पळसदरीच्या शाळेत झाली आणि आम्ही लोधिवली सोडली. भादव्यात द्वारकीला मुलगी झाली, फार बारीक. चार दिवस तग धरेल म्हणत होते, ती त्याहून बरेच दिवस जगली, पण दिवाळी काही तिने पाहिली नाही. द्वारकी पुढे एकदा पळसदरीला येऊन गेली. रडली. जाताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "वैनी, पर त्या खेपेला मी सुकात हुते." मी थंडीत खोपोलीला गेले तर प्रसूतिगृहाला कुलूप. गिरणीवाला म्हणाला, बाई सगळं आवरून पुण्याकडे गेल्या, भावाकडे बहुतेक. पत्ता त्याला ठाऊक नव्हता. मी बाईंना पुन्हा कधी पाहिलं नाही.

माझ्यापाशी आहे तो मे महिन्यातला शेवटचा गुरुवार. ऊन असं होतं की विहिरीचा दोरही चटके द्यायचा. बाई आल्या त्या सरळ माझ्या मोरीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या. मी टॉवेल दिला, तेव्हा त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळायचं ते कळलं. मुंबईचा निरोप आला होता.

खिडकीला ह्यांचा दाढीचा आरसा टांगलेला असायचा. उंचीला पुरेना, म्हणून बाई माझा पाट ओढून त्याच्यावर चढल्या. आरशात बघून हसल्या. मग ते हसू पुसून पुन्हा हसल्या. असं त्या करत राहिल्या. मी चुलीकडे तोंड करून बसले, कारण मला ते बघवेना.

मग त्या मागच्या दाराने द्वारकीच्या अंगणात गेल्या. मी दारातून बघत होते. द्वारकीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला, तोंडाकडे बघून काहीतरी बोलल्या, आणि हसल्या. ठमाकाकूने शेंगा आणून ठेवल्या. तिघी शेंगा फोडत बसल्या. द्वारकीने काहीतरी सांगितलं आणि बाई तिच्या पाठीत धपाटा घालून हसल्या. मी कितीतरी दिवसांनी त्या अंगणात हसणं ऐकलं.

एसटीच्या थांब्यापर्यंत मी थर्मास घेऊन सोबत गेले. हमरस्त्यावर सावली म्हणून नव्हती. बाई मैलाच्या दगडावर टेकल्या. मग वर न बघताच म्हणाल्या, "वहिनी, मी नीट हसले ना हो?"

"हसलात," मी म्हटलं.

"नक्की? तिला कळलं नाही ना काही?"

"नाही कळलं."

लांबून एसटी दिसली. मी हात केला. बाई चढून खिडकीशी बसल्या, मी थर्मास आत दिला. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात मागून हाका आल्या. द्वारकी पोट सावरत रस्त्याने येत होती, हातात पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात करवंदं.

"अगं, धावू नको!" मी ओरडले.

तिने द्रोण खिडकीतून बाईंच्या हातात दिला. "डोंगरातली हायत, ग्वाड. खावा." बाईंनी द्रोण घेतला आणि द्वारकीकडे बघून हसल्या. आमच्या ह्यांनी शपथेवर सांगितलं असतं तरी मी ते हसू खोटं आहे असं म्हटलं नसतं. एसटी सुटली, तरी मान बाहेर काढून त्या हसतच होत्या.

धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. द्वारकीने माझा हात घट्ट धरला. तिचं तोंड नुसतं फुलून आलं होतं.

"वैनी, मी बाईंला सांगू नका म्हन्लं हुतं," ती म्हणाली. "पर त्यांचं तोंड बघितलंत? बाईंला खोटं जमतंय थोडंच! ह्या खेपेला समदं बरं हाय."